रोज खिशात बाळगायचा, सहज न गंजणारा घडीचा चाकू कसा निवडायचा

घडीचा चाकू घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो स्टीलचा. नाव मोठं असलं की गंजाची काळजी मिटली असं धरून चालतात. काही महिन्यांनी पिव्होटच्या (पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्या) कडेने तपकिरी रेघ उतरते, खिशाला अडकवायच्या क्लिपच्या स्क्रूंची डोकी लालसर होतात आणि पातं मात्र अजून चकचकीतच असतं. मग शिव्या स्टीलला बसतात. चूक क्रमाची असते. पात्याचं स्टील हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधी चाकू कशाने ओला होणार ते ठरायला हवं, आणि त्यानंतर ती ओल आत कुठे अडकणार ते पाहायला हवं.

## आधी हे चार प्रश्न कागदावर उतरवा

दुकानात किंवा संकेतस्थळावर जाण्याआधी उत्तरं लिहून काढा. तोंडी ठरवलेलं पहिला देखणा चाकू दिसताच विसरायला होतं.

- चाकू मुख्यतः काय कापणार? खोकी, दोर, प्लास्टिकच्या पट्ट्या, फळं, मासे, झाडांच्या फांद्या?
- दिवसभर तो कुठे राहणार? अंगाला चिकटलेल्या खिशात, पिशवीत, की गाडीच्या कप्प्यात?
- वापरून झाल्यावर तुम्ही तो खरोखर पुसता का? पुसायला हवा की नको हे इथे विचारलेलं नाही. पुसता का, एवढंच लिहा.
- धार स्वतः लावता, की दुसऱ्याकडून लावून घेता?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पुढचे निम्मे पर्याय आपोआप गळतात. त्यात कमीपणा काही नाही. न पुसणाऱ्या माणसाने न पुसता चालणारा चाकू घ्यावा.

## टप्पा १ : ओल कोणत्या जातीची आहे ते ओळखा

स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक थर असतो. तो काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. ओरखडा पडला तरी हवेतला प्राणवायू मिळाला की तो पुन्हा तयार होतो. गंज चढतो तो हा थर फुटतो आणि भरून येत नाही तिथे. थर फोडण्याची ताकद प्रत्येक ओलीत सारखी नसते.

साधं पाणी आणि दमट हवा यांचा त्रास सर्वात कमी. बरं स्टेनलेस पातं पावसात भिजलं आणि त्याच दिवशी पुसलं तर काही होत नाही.

घाम याला लोक फार हलकं घेतात. घामात मीठ असतं, आणि मिठातला क्लोराइड हाच त्या थराचा मोठा शत्रू. चाकू अंगाच्या उबेत दिवसभर घामाशी लागून राहिला की पात्यापेक्षा क्लिप, स्क्रू आणि लायनर (मुठीच्या आतले पत्रे) आधी खराब होतात, कारण घाम आधी त्यांनाच भेटतो.

फळांचे आंबट रस साध्या कार्बन स्टीलवर काही मिनिटांत डाग पाडतात. स्टेनलेसवर सहसा डाग पडत नाही, पण रस पिव्होटमध्ये उतरून वाळला तर आत चिकट थर बसतो आणि तो ओल धरून ठेवतो.

समुद्राचं पाणी हा स्वतंत्र वर्ग आहे. इथे 'बऱ्यापैकी स्टेनलेस' चालत नाही. पात्यावर बारीक, खोल खड्डे पडतात. वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा ठिपका आत त्याहून मोठा असू शकतो.

ब्लीच आणि क्लोरीन असलेली सफाईची द्रावणं मिठाइतकीच वाईट. चाकू 'निर्जंतुक' करायला ब्लीचमध्ये बुडवणारे आहेत. तसं करू नका.

> तपासा : तुमच्या यादीत समुद्र आहे का? नसेल तर सर्वात महाग गंजरोधक स्टीलची गरज बहुधा नाही. असेल तर टप्पा ३ मधला फक्त पहिला गट वाचा.

## टप्पा २ : कायदा आणि आकार

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळला तर बाकी सगळं वाया जातं. पात्याची लांबी, लॉक आहे की नाही, एका हाताने उघडतो का, बटण दाबताच स्प्रिंगने उघडतो का, या चार गोष्टींवर देशोदेशी वेगवेगळी बंधनं आहेत. आपण राहतो तिथला आणि प्रवासाला जातो तिथला, दोन्हीकडचा नियम मूळ ठिकाणी वाचा. विक्रेत्याने 'सगळीकडे चालतो' म्हटलं तर ते मत समजा. विमानात चाकू हातातल्या सामानात नेऊ नका. तो घरी ठेवा किंवा चेक-इन सामानात गुंडाळून टाका.

रोजच्या कामाला ७ ते ८ सेंटिमीटरचं पातं पुष्कळ झालं. याहून मोठा चाकू खिशात टोचतो, मग तो पिशवीच्या तळाशी जातो आणि तिथे विसरला जातो. विसरलेला चाकूच सर्वात जास्त गंजतो.

## टप्पा ३ : स्टील निवडा, पण क्रोमियमच्या आकड्याला भुलू नका

इथे सर्वाधिक लोक फसतात, म्हणून जरा थांबू.

स्टेनलेस म्हणवून घ्यायला स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम लागतं, अशी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. म्हणून लोक तक्ते उघडतात आणि क्रोमियम जास्त ते चांगलं, असा सोपा हिशेब लावतात. हिशेब चुकतो तो कार्बनमुळे. धार टिकायला कार्बन हवा, पण कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइड बनवतो. हे कण कठीण असतात आणि झिजेला तोंड देतात, पण त्यांत अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला उपलब्ध राहत नाही. गंज रोखतं ते स्टीलमध्ये विरघळून राहिलेलं मोकळं क्रोमियम.

डी२ आणि मॅग्नाकट शेजारी ठेवून बघा. डी२ मध्ये सुमारे १२ टक्के क्रोमियम, पण कार्बन दीड टक्का. क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडमध्ये जातो, आणि डी२ घामाने डागाळतं. मॅग्नाकट हे २०२१ मध्ये बाजारात आलेलं स्टील. त्यात क्रोमियम १०.७ टक्केच, म्हणजे डी२ पेक्षा कमी. पण त्याची रचनाच अशी केली आहे की कार्बाइड व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बनतात आणि क्रोमियम जवळपास सगळं मोकळं राहतं. गंजाच्या बाबतीत ते डी२ च्या कितीतरी पुढे आहे. तक्त्यातला आकडा मात्र उलटं सांगतो.

नायट्रोजन हा दुसरा धागा. कार्बनची काही जागा नायट्रोजनने घेतली तर कठीणपणा राहतो आणि क्रोमियम फारसं अडकत नाही. शिवाय खड्डे पडण्याविरुद्ध नायट्रोजनची स्वतःचीही मदत होते. वर्णनात नायट्रोजन दिसला की गंजाच्या दृष्टीने चांगली खूण समजा.

आता गट. सीमारेषा काटेकोर नाहीत, पण निवडीला पुरेशा आहेत.

पहिला गट, समुद्रासाठी. एच१, एलसी२००एन, व्हॅनॅक्स. एच१ मध्ये कार्बन जेमतेम ०.१५ टक्के आणि वर निकेल. ते जवळपास गंजतच नाही, पण साध्या धारेत लवकर बोथट होतं, म्हणून दातेरी धारेत ते जास्त शोभतं. एलसी२००एन मध्ये कार्बन सुमारे ०.३ आणि नायट्रोजन सुमारे ०.४ टक्के. ते चिवट आहे आणि त्याला धार पटकन लागते. व्हॅनॅक्समध्ये नायट्रोजन दीड टक्क्याच्या वर आणि क्रोमियम १८ च्या आसपास. या तिघांत धार सर्वात जास्त टिकते ती त्याची. मॅग्नाकट या गटाच्या उंबरठ्यावर आहे. गोडं पाणी आणि घाम यांना ते सहज पुरतं, पण समुद्रावर वापरलं तर धुवायलाच हवं.

दुसरा गट, घाम, पाऊस आणि रोजची धावपळ. १४सी२८एन, १२सी२७, नायट्रो-व्ही, एन६९०, व्हीजी-१०, आणि वरच्या किमतीत एम३९०. माझं मत विचाराल तर दहातल्या आठ जणांनी १४सी२८एन वर थांबावं. कार्बन ०.६२, क्रोमियम १४, थोडा नायट्रोजन. बारीक धार पटकन येते, गंज सहसा नाही, आणि साध्या दगडावर घरच्या घरी धार लावता येते. एम३९० मध्ये क्रोमियम २० टक्के आणि कार्बन १.९ टक्के. त्याची धार खूप टिकते, पण एकदा गेली की परत आणायला हिऱ्याचा दगड आणि बराच वेळ लागतो.

तिसरा गट, पुसणाऱ्यांसाठी. ८सीआर१३एमओव्ही, एयूएस-८, ४४०सी, १५४सीएम, एस३०व्ही, एस३५व्हीएन. ही सगळी स्टेनलेसच. पण मीठ लागून रात्रभर राहिलं तर ठिपके पडू शकतात. यात स्वस्त आणि महाग दोन्ही आहेत. एस३०व्हीचे जास्तीचे पैसे धार टिकण्यासाठी मोजले जातात. त्यात गंजापासून जास्तीचं संरक्षण गृहीत धरू नका.

चौथा गट, गंज टाळायचा असेल तर नको. डी२, १०९५, ५२१००, सीपीएम-३व्ही, एम४. यांच्यात उत्तम चाकू आहेत, फक्त तुमच्या कामाचे नाहीत. यांच्यावर काळसर-निळा थर चढतो. तो गंजाचा वेग कमी करतो, थांबवत नाही.

> सावधान : 'सर्जिकल स्टील', 'जपानी स्टील', नुसतं 'स्टेनलेस', किंवा पुढे अक्षर नसलेलं '४४०' असं लिहिलेलं असेल तर स्टील सांगितलेलंच नाही असं धरा. ४४०ए आणि ४४०सी मध्ये कार्बनचा मोठा फरक आहे, आणि नुसतं ४४० लिहिणारा बहुधा स्वस्तातलं देत असतो. नागमोडी नक्षीच्या दमास्कस पात्यात कोणते थर आहेत ते विचारा. बरीच दमास्कस पाती साध्या कार्बन स्टीलची असतात आणि झपाट्याने गंजतात.

दोन गोष्टी स्टीलच्या नावातून कधीच कळत नाहीत. पहिली, त्याला पाणी कसं दिलं आहे ती. तापवून थंड करण्याच्या प्रक्रियेत गडबड झाली, किंवा जास्त तापमानावर टेंपर केलं (कडक झालेलं पातं पुन्हा तापवलं), तर मोकळं क्रोमियम कमी होतं आणि तेच स्टील जास्त गंजतं. दुसरी, घासताना पातं किती तापलं ती. म्हणून अनोळखी नावाच्या चाकूवरचं भारी स्टील आणि पाणी देण्यात नावाजलेल्या उत्पादकाचं मध्यम स्टील यांत निवडायचं असेल, तर मध्यम घ्या.

लोहचुंबकाने स्टेनलेस ओळखायची युक्ती इथे चालत नाही. चाकूची कडक होणारी स्टेनलेस स्टील बहुतेक चुंबकाला चिकटतातच. चुंबकाचा एक उपयोग मात्र आहे. लायनर किंवा क्लिप टायटॅनियमची असल्याचा दावा असेल तर ती चिकटता कामा नये.

सिरॅमिक आणि टायटॅनियमची पाती गंजत नाहीत हे खरं. पण सिरॅमिकची धार ठिकऱ्या होऊन उडते आणि नुसतं टायटॅनियम धार धरत नाही. रोजच्या खिशातल्या चाकूसाठी दोन्ही सोडून द्या.

## टप्पा ४ : पृष्ठभाग कसा आहे ते नखाने आणि उजेडात बघा

एकाच स्टीलची दोन पाती, एक गुळगुळीत आणि एक वाळूच्या माऱ्याने खरखरीत राखाडी केलेलं. खरखरीत आधी डागाळतं. असंख्य बारीक खळग्यांत घाम आणि मीठ बसतं आणि पुसताना निघत नाही. हे राखाडी पातं फोटोत फार देखणं दिसतं, त्यामुळे ते विकलंही खूप जातं.

पसंतीचा क्रम असा लावा : आरशासारखं किंवा बारीक सरळ रेघांचं पॉलिश, मग गोट्यांत घोळवून केलेलं स्टोनवॉश, आणि सर्वात शेवटी वाळूचा मारा. आरशाच्या पॉलिशवर ओरखडे लगेच दिसतात, म्हणून व्यवहारात बारीक साटिन (म्हणजे सरळ रेघांचं पॉलिश) किंवा स्टोनवॉश बरं पडतं. नख पात्यावरून आडवं फिरवा. अडखळलं तर रेघा जाड आहेत.

काळ्या लेपाबद्दल दोन वाक्यं. डीएलसीसारखा (हिऱ्यासारख्या कार्बनचा) कठीण लेप पात्याच्या अंगाला चांगलं वाचवतो, पण धारेवर लेप नसतोच, कारण पहिल्यांदा धार लावताच तो निघून जातो. आणि साधा काळा ऑक्साइड हा जवळजवळ रंगच असतो, तेल लावत राहिलं तरच तो थोडंफार काम करतो.

> तपासा : लेप काढून टाकला असता तर हेच स्टील तुम्ही घेतलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर लेपाच्या भरवशावर घेऊ नका.

## टप्पा ५ : घडीच्या आत काय आहे ते पाहा

गंजाच्या बहुतेक तक्रारी इथून येतात, आणि जाहिरातीत याच्यावर चकार शब्द नसतो.

कारण साधं आहे. दोन पत्र्यांच्या बारीक फटीत पाणी शिरलं की तिथला प्राणवायू संपतो. प्राणवायूशिवाय स्टेनलेसवरचा थर भरून येत नाही. उलट मीठ तिथेच साचत जातं. म्हणून उघड्यावर वर्षानुवर्षं स्वच्छ राहणारं स्टील फटीत गंजतं. पिव्होटभोवती, लायनर आणि मूठ यांच्यामध्ये, क्लिपखाली अशा तीन फटी तर बहुतेक घडीच्या चाकूंत असतातच.

अ) मुठीची पाठ उघडी आहे का? चाकू मिटवून पाठीकडून आत बघा. दोन बाजूंमध्ये फक्त बारीक खांब असतील तर पाणी घातलं की आरपार वाहून जातं आणि हवाही खेळते. पाठ पूर्ण पट्टीने बंद असेल तर आतली घाण काढायला चाकू खोलावाच लागतो. ओलीच्या कामाला उघडी पाठ घ्या.

आ) पिव्होटमध्ये वॉशर की बेअरिंग? बेअरिंगवर पातं झटकन उघडतं, म्हणून ते लोकप्रिय आहे. पण साध्या बेअरिंग-स्टीलच्या गोळ्यांत क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास असतं. म्हणजे त्या स्टेनलेस नाहीतच. बारीक धूळ आणि वाळूही त्यांत अडकते. समुद्र, माती, घाम यांतलं काहीही यादीत असेल तर फॉस्फर ब्राँझचे किंवा नायलॉन-टेफ्लॉनचे वॉशर बघा. ब्राँझवर फार तर हिरवट छटा येते, पातं जाम होत नाही. बेअरिंगच हवं असेल तर गोळ्या सिरॅमिकच्या आहेत का ते विचारा. आणि हेही विचारा की त्या गोळ्या ज्या चकत्यांवर फिरतात त्या कशाच्या आहेत. हा दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

इ) लॉक कोणतं? लायनर लॉकमध्ये पत्र्याचाच एक भाग सरकून पात्यामागे येतो. तो दिसतो, पुसता येतो, सोपा आहे. टायटॅनियमचं फ्रेम लॉक (यात मुठीचाच एक भाग सरकतो) गंजत नाही, पण पात्याला टेकणाऱ्या टोकावर बहुधा स्टीलचा छोटा तुकडा बसवलेला असतो, आणि तो तपासावा लागतो. पाठीकडच्या बॅक लॉकमध्ये लांब दांडा आणि स्प्रिंग आत दडलेली असते. ते भक्कम आहे, पण धुतल्यावर सुकायला वेळ लागतो. आडव्या दांड्याच्या लॉकमध्ये तारेच्या दोन बारीक स्प्रिंगा असतात. अशा तारेला गंजाचा खड्डा पडला की ती नेमकी तिथेच तुटते. लॉक नसलेल्या, स्प्रिंगच्या दाबावर उभ्या राहणाऱ्या चाकूत पात्याइतकंच स्प्रिंगचं स्टील महत्त्वाचं. पातं स्टेनलेस आहे म्हणून स्प्रिंगही असेल असं गृहीत धरू नका.

ई) लायनर आणि स्क्रू. लायनर बहुतेकदा ४२० च्या घराण्यातल्या स्वस्त स्टेनलेसचे असतात. ठीक आहे. पण काळे स्क्रू पुष्कळदा साध्या स्टीलवर काळा थर दिलेले असतात, आणि घामाने पहिला गंज त्यांनाच चढतो. बदली स्क्रू मिळतात का ते आधीच पाहून ठेवा. डोकं टॉर्क्सचं, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीच्या खाचेचं असेल तर टी६ आणि टी८ हे पाने बहुतेक ठिकाणी पुरतात. पिव्होटला कधी टी१० लागतो.

> सावधान : 'पूर्ण स्टेनलेस बांधणी' असं लिहिलं असलं तरी क्लिप, स्क्रू, स्प्रिंग आणि बेअरिंग या चार गोष्टींबद्दल वेगवेगळं विचारा. एका उत्तरात चारही येत नाहीत.

## टप्पा ६ : मूठ आणि क्लिप

जी-१० (काचतंतू आणि राळेचे थर) आणि काचतंतू मिसळलेलं नायलॉन ही ओलीत सर्वात बिनत्रासाची. मिकार्टा (राळेत भिजवलेल्या कापडाचे थर) ओल्या हातातही चांगली पकड देते, थोडं पाणी शोषते, पण बिघडत नाही. लाकूड आणि हाड फुगतं, आकसतं, आणि खालच्या लायनरला ओल देत राहतं. दिसायला कितीही सुंदर असो, घामट खिशात ते घेऊ नका.

ॲल्युमिनियमची मूठ ॲनोडाइज केलेली, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा कठीण थर दिलेली असावी. तो थर जिथे खरवडतो तिथे खाऱ्या पाण्यात पांढरी भुकटी धरते. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारं पाणी आलं, तर ॲल्युमिनियम झिजतं. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडीचा हा त्रास रोजच्या खिशात जाणवणार नाही, होडीवर मात्र जाणवेल.

क्लिप उलट बाजूला लावता येते का, आणि तिच्याखाली कापडाचा धागा घालून पुसता येतं का, एवढं बघा. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्याला लागूनच राहतं. म्यान फक्त नेण्या-आणण्यापुरतं.

## टप्पा ७ : हातात आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी

क्रम पाळा, कारण धार तपासून ओरखडे पडले की परत करणं अवघड होतं.

1. न उघडता हलवा. मिटलेला चाकू टोक खाली करून मनगटाने झटका. पातं स्वतःहून डोकावता कामा नये.
2. मध्य बघा. मिटलेल्या अवस्थेत पातं दोन लायनरच्या मधोमध हवं. एका बाजूला घासत असेल तर तिथलं पॉलिश जाईल आणि गंज तिथूनच सुरू होईल.
3. उघडून डावी-उजवी आणि वर-खाली ढिलाई बघा. पात्याचं टोक धरू नका. पाठ दोन बोटांत धरा. डावी-उजवी थोडी ढिलाई पिव्होट आवळून जाते. वर-खाली असेल तर ती लॉकची आहे. परत करा.
4. लॉक दाबून बघा. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घ्या, पाठ मऊ पृष्ठभागावर टेकवा आणि हळूहळू दाब वाढवा. टेबलावर पाठ आपटून बघणं ही वाईट सवय आहे. चांगलं लॉकही त्याने बिघडतं.
5. उजेडात पातं तिरपं धरा. नव्या पात्यावर तपकिरी ठिपका, पॉलिशमध्ये अडकलेली काळी रेघ किंवा धारेजवळ निळसर-पिवळी छटा दिसते का? ती छटा म्हणजे घासताना पातं तापल्याची खूण.
6. मग कागद कापा. मुळापासून टोकापर्यंत एकाच ओढीत. जिथे अडखळेल तिथे धारेत दोष आहे.

मीठ लावून रात्रभर ठेवायची 'चाचणी' काही जण सुचवतात. नवा चाकू त्याने खराब होतो, हमी जाते, आणि रोजच्या घामात तो कसा वागेल हे कळतही नाही. त्याऐवजी हे करा : साध्या पाण्याखाली चाकू पाच-सहा वेळा उघडा-मिटा, झटका, बाहेरून पुसा, आणि पांढऱ्या टिश्यू कागदावर अर्धवट उघडा ठेवून द्या. सकाळी पिव्होटखाली कागद बघा. राखाडी डाग म्हणजे कारखान्यातलं तेल किंवा घासकामाची भुकटी, त्याचं काही नाही. तपकिरी डाग म्हणजे ती भुकटी गंजली आहे किंवा आत एखादा भाग साध्या स्टीलचा आहे.

## टप्पा ८ : पहिला दिवस आणि त्यापुढची सवय

नव्या चाकूच्या पिव्होटमध्ये घासकामाची बारीक लोखंडी भुकटी राहिलेली असू शकते. ती आधी गंजते आणि डाग पात्यावर पडतो. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घेऊन चाकू उघड-मीट करत धुवा, साध्या पाण्याने खळबळून काढा, वाळवा. मग पिव्होटमध्ये खाण्यास सुरक्षित अशा खनिज तेलाचा एकच थेंब सोडा आणि उरलेलं पुसून टाका. जास्त तेल धूळ धरतं. स्वयंपाकाचं तेल वापरू नका. काही आठवड्यांत ते चिकट होतं आणि पातं अडकू लागतं. पाणी हटवणारे पातळ स्प्रे पाणी काढतात, पण त्यांचा थर टिकत नाही. त्यावर तेल हवंच.

खोलायची घाई करू नका. काही उत्पादक खोललेल्या चाकूची हमी मानत नाहीत, आणि घट्ट स्क्रूचं डोकं गोल झालं की पुढचा दिवस त्यातच जातो.

रोजची एकच सवय पुरते : ओलं पातं मिटायचं नाही. हातरुमालाला, पँटला, कशालाही पाठीकडून पुसा, मग मिटा. खाऱ्या पाण्यानंतर त्याच दिवशी गोड्या पाण्यात उघड-मीट करून धुवा. संध्याकाळी खिशातून काढल्यावर मिटून ड्रॉवरमध्ये टाकण्याऐवजी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी थोडा वेळ उघडा ठेवा. आतली ओल बाहेर पडायला तेवढं पुरतं.

महिन्यातून एकदा क्लिपखाली आणि लॉकच्या तोंडावर बघा. डोळे आपोआप पात्याकडेच जातात, म्हणून या दोन जागा मुद्दाम सांगितल्या.

> तपासा : धार नेहमीपेक्षा लवकर जाते आहे, पण पात्यावर डाग नाही? धारेची कड इतकी पातळ असते की ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गंजानेही बोथट होते. धार लावून, पुसून, तेलाचा हात फिरवून बघा. फरक पडला तर कारण तेच होतं.

## टप्पा ९ : डाग दिसलाच तर

चहाच्या रंगाचा पुसट डाग खाण्याच्या सोड्याची घट्ट लुकण आणि मऊ कापड यांनी निघतो. न निघाला तर धातू चमकवायची पेस्ट घ्या. तीही पॉलिशच्या रेघांच्या दिशेनेच फिरवा. लोखंडी तारेचा काथ्या अजिबात नको. त्याचे कण पात्यात रुततात आणि आठवड्याभरात तेच गंजतात, मग 'साफ केल्यावर जास्त गंज आला' अशी तक्रार होते. लेप दिलेल्या पात्यावर कोणतीही घासणारी पेस्ट नको.

नख अडकतं असा खड्डा पडला असेल तर १००० किंवा त्याहून बारीक वॉटरपेपरने, तेल लावून, हळूहळू घासा. पूर्ण जाईपर्यंत घासायची गरज नाही. आतला तपकिरी भाग गेला आणि धातूचा रंग दिसला की थांबा, तेल लावा, आणि पुढचे दोन आठवडे त्या जागेवर नजर ठेवा. धारेवरचा खड्डा धार लावताना निघून जातो.

लॉकचं टोक किंवा पात्याचा जो भाग लॉकला टेकतो तो गंजला असेल तर मात्र वॉटरपेपर लावू नका. तिथली केसाएवढी झीजसुद्धा लॉक कुठे बसतं ते बदलते. तेल लावून, पुसून, टप्पा ७ मधली चौथी तपासणी पुन्हा करा. लॉक सरकत असेल किंवा चिकटून बसत असेल, तर चाकू उत्पादकाकडे दुरुस्तीला पाठवा, आणि तो परत येईपर्यंत खिशात ठेवू नका.